सेलच्या गदारोळात डोकं ताळ्यावर कसं ठेवायचं

मला सणासुदीचे मोठे सेल मुळीच आवडत नाहीत. ती घाई, ती रेटारेटी, आणि सगळ्यांनी लुटलं नि आपणच मागे राहिलो ही रुखरुख. तरी बूट फाटले की बूट लागतातच, म्हणून मी असं करते.

सेलच्या महिनाभर आधी वहीच्या मागच्या पानावर हव्या त्या वस्तू लिहायच्या, मॉडेलच्या नावासकट, आणि पुढे त्या दिवशीची किंमत तारखेनिशी. सगळी मदार या पानावर. सेल लागला की खोडलेल्या किमतीकडे बघायचं नाही, वहीतल्या आकड्याशी ताडायचं. आधी दिसलेला आकडा डोक्यात ठाण मांडतो आणि पुढचा अंदाज त्याच्याकडेच ओढला जातो, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दाखवलंय.

‘५० टक्के, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे. १०० चे झाले ५०, त्यातून १० गेले, उरले ४०. सूट ६० टक्केच. (यावरून मी एकदा काउंटरवर हुज्जत घातली होती. चूक माझी होती.)

उलटं धावणारं घड्याळ दिसलं की फोन पालथा ठेवा, सकाळी बघा. कार्डाचा नंबर ॲपमध्ये साठवू नका. उठून पाकीट शोधायच्या कंटाळ्याने माझे बरेच पैसे वाचवलेत. नोटिफिकेशन बंद, हे सांगायला नकोच.

परत करण्याच्या अटी मात्र आधी वाचा, सेलच्या मालाला त्या कधीकधी वेगळ्या असतात.

गेल्या खेपेला मी फक्त चादरी घेतल्या. दोन.