भाड्याच्या घरातली नळदुरुस्ती : प्लंबरचं बिल फुगवणाऱ्या या चुका टाळा

प्लंबरचं बिल हातात आलं की घरमालकाचं बोट पहिल्यांदा मालाच्या ओळीवर जातं. वायसर एवढ्याला कसा, अँगल कॉक (नळाला जाणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक) दुकानात तर स्वस्त मिळतो, टेफ्लॉन टेपचे वेगळे पैसे कशाला. किरकोळ दुरुस्तीत मालाचा वाटा बहुधा सगळ्यात लहान असतो. पैसे जातात ते फेरीत : येण्याचा आकार, पहिल्या तासाची किमान मजुरी, मध्येच दुकानात जाऊन माल आणण्याचा वेळ, आणि अवेळी बोलावलं तर त्यावर चढणारा जादा दर. दहा मिनिटांच्या कामालाही पहिल्या तासाचेच पैसे पडतात आणि त्यात गैर काही नाही. येण्याजाण्यात त्या माणसाचा वेळ मोडलेलाच असतो. बिल कमी करायचं तर फेऱ्या कमी करायच्या.

राहत्या घरात हे फारसं अवघड नसतं, कारण बिघाड डोळ्यांसमोर असतो. भाड्याच्या घरात बिघाड एकाला दिसतो, काम दुसरा करतो आणि पैसे तिसरा देतो. बहुतेक चुका या तिघांमधल्या फटीत होतात.

“नळ गळतोय” एवढ्या निरोपावर प्लंबर पाठवणं

भाडेकरूचा निरोप येतो, “बाथरूममधला नळ गळतोय.” मालक तोच निरोप जसाच्या तसा प्लंबरला देतो. प्लंबर वायसर घेऊन येतो, नळ उघडतो, तर आत सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांनी पाणी उघडबंद करणारा अख्खा बदलायचा भाग. त्या मापाचं कार्ट्रिज त्याच्या पिशवीत नसतं. एक फेरी नुसत्या पाहणीत गेली.

हे फोनवरच टळतं. पहिला प्रश्न : नळाची मूठ किती फिरते? बंद करायला दोन-तीन वेढे द्यावे लागत असतील तर आत स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) आणि वायसर असण्याची शक्यता जास्त. पाव वेढ्यात नळ पूर्ण उघडत असेल किंवा एकाच दांडीवर गरम-गार पाणी येत असेल, तर जवळजवळ नक्की कार्ट्रिज. दुसरा प्रश्न : पाणी येतं कुठून? नळाच्या तोंडातून ठिबकत असेल तर आतला वायसर, कार्ट्रिज किंवा बैठक झिजली आहे. मुठीच्या मानेतून झिरपत असेल तर ओ-रिंग (रबरी कडं) किंवा ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीच्या नटाचं, पॅकिंग गेलं आहे. भिंतीला टेकलेल्या चकतीच्या मागून ओल येत असेल तर मामला नळाचा नसून भिंतीतल्या जोडाचा असू शकतो, आणि तो वेगळ्या खर्चाचा असतो.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोलाचा, विशेषतः ओलीच्या तक्रारीत : गळती सतत आहे, की पाणी वापरल्यावरच होते? रात्रभर कोणी नळाला हात लावला नाही तरी डाग वाढत असेल, तर संशय दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर. आंघोळीनंतर किंवा सिंक रिकामं केल्यावरच ओल दिसत असेल, तर निचऱ्याच्या बाजूला पाहायचं : ट्रॅप (निचऱ्याच्या वाटेवरचा पाणी अडवून ठेवणारा वाकडा भाग), वेस्ट पाइपचे सांधे, फरशीच्या फटींमधली झिजलेली भरणी. ही दोन अगदी निराळी कामं आहेत. हा फरक न कळता फरशी फोडायला सुरुवात झाली, की प्लंबरच्या बिलाला गवंड्याचं बिल चिकटतं. घराला स्वतंत्र मीटर असेल तर आणखी सोपं. सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवायचा, तासाभराने पुन्हा पाहायचा. आकडा पुढे सरकला तर दाबाची लाइन कुठेतरी सुटते आहे. मात्र मीटरनंतर साठवणीची टाकी असेल, तर तिच्यात पाणी भरणं थांबल्यावरच ही तपासणी करा.

भाडेकरूंकडून दोन फोटो आणि लहानसा व्हिडिओ मागवा, एक फोटो अगदी जवळून आणि एक जरा लांबून. लांबचा फोटो लोक पाठवत नाहीत, आणि प्लंबरला नेमका तोच हवा असतो, कारण हात कुठून घालायचा हे त्यात दिसतं.

घर दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामं असतं तेव्हा प्रत्येक नळाचा, कॉकचा, गीझरवरच्या माहितीच्या पट्टीचा आणि झाकण काढलेल्या फ्लश टाकीचा फोटो काढून ठेवा. भिंतीत लपलेल्या डायव्हर्टरची (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या भागाची) कंपनी आणि मॉडेल लिहून ठेवणं तर फारच कामाचं. बाथरूमचं काम नव्याने करत असाल तर टाइल्स बसण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो टेप धरून काढा. पुढच्या गळतीत कुठे छिन्नी मारायची हे त्यावरून ठरेल.

प्रत्येक किरकोळ कामाला वेगळी फेरी

प्लंबर ठरला की भाडेकरूंना आधी विचारा, “आणखी काही आहे का?” बहुतेक वेळा असतंच. बेसिनचं पाणी हळू जातं, शॉवर एका बाजूला फवारतो, फ्लश भरल्यावरही सळसळत राहतो. पहिल्या तासाचे पैसे तसेही जाणार, मग त्यात तीन कामं बसवा. यादी त्याला आदल्या दिवशी पाठवली तर तो माल बरोबर घेऊन येईल.

याच्या उलट टोकाला जाणारेही मालक असतात. कामं जमेपर्यंत थांबू, म्हणून महिनोन्‌महिने थांबतात. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला साधारण साडेएकवीस लिटर पाणी जातं. तरी नळाच्या तोंडातलं ठिबकणं खाली बादली लावून आठवडाभर थांबू शकतं. जोडनळीची जाळी गंजली असेल किंवा नळी फुगली असेल, विजेच्या बोर्डाजवळ ओल आली असेल, मैलापाणी उलट येत असेल, किंवा घरातलं एकमेव संडास तुंबलं असेल, तर त्याच दिवशी माणूस पाठवा. तिथे जादा दराकडे बघू नका. बोर्डाजवळच्या ओलीत तर आधी त्या भागाची वीज बंद करायला सांगा.

फ्लशची गळती मात्र फसवी. ती ठिबकत नाही, भांड्यात गुपचूप वाहते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर तळाची सील गेली आहे.

पाणी कुठे बंद करायचं, हे कोणालाच माहीत नसणं

अवेळी केलेल्या कित्येक फोनांमध्ये खरी घाई दुरुस्तीची नसतेच, वाहतं पाणी थांबवण्याची असते. मुख्य कॉक बंद करता आला तर प्लंबर सकाळी नेहमीच्या दराने येऊ शकतो.

किल्ल्या देताना भाडेकरूंना मुख्य कॉक आणि प्रत्येक अँगल कॉक दाखवा. नुसता दाखवू नका, त्यांच्या हातून फिरवून घ्या. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐनवेळी हलत नाही, किंवा जोर लावला की दांडा तुटून हातात येतो. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, एवढ्याने तो मोकळा राहतो. जाम झालेला कॉक दुसऱ्या एखाद्या कामाच्या फेरीतच बदलून घ्या.

बिघाड नसताना प्लंबर बोलावणं

काही तक्रारींना प्लंबर लागतच नाही. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून धुवायची. क्षार जमले असतील तर ती व्हिनेगरमध्ये भिजवायची. धार सगळ्याच नळांची बारीक झाली तर मात्र शोध वेगळा.

महिना-दोन महिने बंद राहिलेल्या घरात दुर्गंधी येते, तेव्हा पाइप फुटल्याची शंका घेण्याआधी फरशीतल्या निचऱ्याच्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमध्ये अडून राहणारं पाणीच गटाराची हवा थोपवतं. न वापरलेल्या बाथरूममध्ये ते वाफ होऊन उडतं आणि वास थेट आत येतो.

गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडले तर घाबरायचं कारण नसतं. 20 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. 15 लिटरच्या टाकीत ते पाव लिटरच्या आसपास होतं. येणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) असेल तर हे वाढीव पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. गीझर गार असतानाही धार चालू राहिली तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनचा दाब जास्त आहे, तेव्हा बोलवा. पण तो थेंब थांबवण्यासाठी व्हॉल्व्हला बूच मारू देऊ नका, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. टाकी फुटू शकते.

तुंबलं की बाटली ओतणं

नळी मोकळी करण्याचं रसायन बहुधा कॉस्टिक किंवा ॲसिड असतं. केस आणि साबणाचा बोळा त्याने कधी सुटतो, कधी नाही. सुटला नाही तर तेच रसायन ट्रॅपमध्ये साचून राहतं आणि उघडणाऱ्या माणसाच्या हातावर, डोळ्यांत उडतं. एक बाटली लागू पडली नाही म्हणून वर दुसरी ओतणं तर थेट धोक्याचं. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप बहुतेक वेळा हातानेच उघडतो. खाली बादली ठेवून तो धुतला की अर्धी कामं तिथेच संपतात. रसायन ओतून झालं असेल तर मात्र हात घालू नका, आणि प्लंबरला ते आधी सांगा.

घाईची जोडाजोड

चिरलेल्या पाइपावर पुट्टी लावली की तो बरा झाला असं वाटतं. पुट्टी पक्का माणूस येईपर्यंत ठीक, पण भाड्याच्या घरात ती नंतर कोणी पाहत नाही. गरम पाण्याच्या लाइनीत साध्या पीव्हीसीचा तुकडा घालणं ही तशीच चूक. तो साधारण 60 अंशांनंतर मऊ पडायला लागतो. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी पाइप 93 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेला असतो. सोल्युशनने (पाइप चिकटवायच्या द्रावणाने) जोडलेला सांधा वाळण्याआधी पाणी सोडलं तर तो पुन्हा गळणार आणि पुन्हा फेरी. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पान्ह्याने ताकद लावायची नसते. आज गळती थांबते, पुढे कधीतरी आटा चिरतो.

खर्च कोणाचा, हे बिल आल्यावर ठरवणं

भाडेकरारात “किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची” असं मोघम वाक्य लिहून मालक निर्धास्त होतात. मला ते महागात पडणारं वाक्य वाटतं. स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर माणूस लहानसा डाग मुकाट्याने सहन करतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा खालच्या घराचं छत भिजलेलं असतं. झीज आणि भिंतीतली लाइन मालकाची, वापरातून तुंबलेलं किंवा तोडलेलं भाडेकरूचं, अशी विभागणी नावानिशी लिहा. गळती लगेच कळवली तर तिचा खर्च त्यांच्यावर टाकणार नाही, हेही लिहा. ठरावीक रकमेपर्यंतचं काम न विचारता करून घ्यायची मुभा दिली तर सुट्टीच्या दिवशी तुमचा फोन लागेपर्यंत कोणी थांबणार नाही. अर्थात करारातली वाटणी तुमच्या इथल्या भाडे कायद्याला धरून हवी.

आणि वेळ ठरवताना भाडेकरू घरात असतील याची खात्री करा. कुलूप पाहून परतलेला प्लंबरही फेरीचे पैसे घेतो.

काम संपताच पैसे देऊन मोकळं होणं

काम झालं की सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो. निचऱ्याचं काम असेल तर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडायचं. बारीक धारेला न गळणारा सांधा भरल्या पाण्याला गळतो. काढलेला जुना भाग फोटोपुरता तरी मागून घ्या. बिलात फेरी, मजुरी आणि माल वेगवेगळा लिहून घ्या, आणि तोच सांधा पुन्हा गळला तर किती दिवसांपर्यंत फुकट येणार ते त्याच कागदावर. हे बिल त्या घराच्या फोटोंबरोबर ठेवा. पुढच्या तक्रारीला प्लंबर बदलला तरी आधी काय बदललं होतं ते त्याला दाखवता येतं.