लाजऱ्या मुलामुलींनी नोकरीला निघण्याआधी करायची तयारी

मी कोल्हापुरात कंपन्यांसाठी भरतीचं काम करते, त्यामुळे पहिल्यांदाच नोकरी शोधणारी मुलंमुली सतत समोर येऊन बसतात. त्यांतली बरीच जण हुशार असतात, हातात कसबही असतं, पण नाव विचारलं तरी आवाज फुटत नाही. ही यादी त्यांच्यासाठी. आधी एक सांगते, लाज घालवायच्या मागे लागू नकोस. ती महिन्याभरात जात नाही आणि नोकरीसाठी ती जायलाच हवी असंही नाही. तुला प्रत्यक्ष बोलावं लागतं ते चारच ठिकाणी: फोनवर, कंपनीच्या गेटवर, मुलाखतीच्या सुरुवातीला आणि पगाराची गोष्ट निघाली की. एवढ्या चार ठिकाणची वाक्यं आधी तयार असली की बाकीचं सगळं कागदावर होतं.

म्हणून सुरुवात कागदांपासून कर. दहावी-बारावीची मार्कशीट, आयटीआय किंवा डिग्रीची कागदपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान. सगळ्यांच्या झेरॉक्सचे दोन-तीन संच करून एका फाइलमध्ये लाव. झेरॉक्स काढायच्या आधी प्रत्येक कागदावरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघ. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नावच नाही, असं फार सापडतं. पीएफचं खातं आधारवरून निघतं, तिथं हा घोळ अडतो आणि मग नवीन पोराला ऑफिसात चार टेबलांवर जाऊन बोलत बसावं लागतं. ते आत्ताच टाळ. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघ, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो.

बायोडाटा एका पानाचा पुरे. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ हे शब्द काढून टाक, ते सगळ्यांच्याच बायोडाटात असतात. त्याऐवजी हातानं काय केलंय ते लिही: लेथवर काय टर्निंग केलं, मापं कशानं घेतली, टॅलीत कुठल्या नोंदी केल्या, जीएसटीचं बिल करता येतं का. घरच्या म्हशी सांभाळून, पहाटे डेअरीला दूध घालून कॉलेज केलं असशील तर तेही लिही. असलं पोर पहिल्या शिफ्टला वेळेवर येणार, हे कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. मामाच्या दुकानात दोन सुट्ट्या काउंटर सांभाळला असेल तर तोही अनुभवच आहे.

आता कुठं बघायचं ते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या एमआयडीसींत (औद्योगिक वसाहतींत) फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आणि मशिन शॉप आहेत, शहरात शिवाजी उद्यमनगरात लहान वर्कशॉप आहेत. महास्वयं या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदव, त्याला पैसे पडत नाहीत. जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावेही होतात. मेळाव्याला अगदी सुरू होतानाच जा, गर्दी वाढली की लाजरं माणूस मागं मागं सरकत जातं. आयटीआय झालं असेल तर माझा सल्ला शिकाऊ उमेदवारीचा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली ती मिळते, विद्यावेतन मिळतं, आणि मुख्य म्हणजे लोक रोज तुझं काम बघतात. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत जे सांगता येत नाही ते तिथं दिसतं.

इथं एक गैरसमज सांगून ठेवते. ‘मला क्वालिटीत द्या, तिथं बोलावं लागत नाही,’ असं बरीच मुलं म्हणतात. क्वालिटीत तर वयानं मोठ्या ऑपरेटरला ‘काका, हा पीस रिजेक्ट आहे’ असं तोंडावर सांगावं लागतं. कमी बोलायचं काम हवं असेल तर मशिनवर, ड्रॉइंगच्या कामात किंवा अकाउंट्समध्ये बघ. स्टोअरला मात्र दिवसभर कोण ना कोण येतच असतं.

फोन करणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून त्याला वेळ दे. वहीत लिहून काढ: “नमस्कार सर. माझं नाव अमुक, गाव अमुक. आयटीआय मशिनिस्ट पूर्ण झालंय. तुमच्याकडे सीएनसी ऑपरेटरची जागा आहे असं कळलं. बायोडाटा कुणाच्या नंबरवर पाठवू?” बस्स, एवढंच. शेवट प्रश्नानं कर, म्हणजे पुढचं बोलायची पाळी त्यांची येते. फोन सकाळी अकराच्या सुमारास कर. शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत करू नकोस. वही समोर ठेवून, उभं राहून बोल, आवाज मोकळा येतो. समोरून ‘जागा नाही’ आलं तर “ठीक आहे सर, पुढं निघाली तर कळवाल का?” एवढं म्हणून ठेव. हे वाक्यसुद्धा वहीत हवंच, कारण नकार आला की नेमकं तेव्हाच काही सुचत नाही.

ओळखीतून विचारायलाही लाज वाटते, मला माहीत आहे. पण गल्लीतला कोणी दादा, तालमीतला कोणी, चुलत्यांचा मित्र एमआयडीसीत असतोच. त्याला समोर जाऊन विचारणं जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठव: “दादा, मी नोकरी बघतोय (किंवा बघतेय). तुमच्याकडं भरती असली तर कुणाला भेटायचं तेवढं सांगा.” सोबत बायोडाटाची पीडीएफ जोड.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी एकदा जागा बघून ये. केएमटीनं (शहर बसनं) किंवा एसटीनं किती वेळ लागतो, स्टॉपपासून किती चालावं लागतं, गेट कुठल्या बाजूला. पावसाळ्यात शिरोलीकडं जायचं असेल तर पंचगंगेचं पाणीही बघ. 2019 आणि 2021 च्या पुरात तिथं महामार्गच बंद झाला होता. गेटवर वॉचमन विचारणार, “कुणाला भेटायचंय?” त्याचा आवाज चढा असतो, पण तो रागावलेला नसतो, दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून तसा झालेला असतो. ज्यांनी बोलावलंय त्यांचं नाव, विभाग आणि नंबर चिठ्ठीवर लिहून ने आणि सरळ चिठ्ठी दाखव. रजिस्टरात नाव, गाव, वेळ लिहायला स्वतःचं पेन ठेव. आईवडील सोबत आले तर गेटपर्यंत ठीक, केबिनमध्ये एकट्यानंच जा.

आत गेलं की “तुझ्याबद्दल सांग” हे येणारच. चार वाक्यं पाठ नको, तोंडात बसलेली हवीत: नाव-गाव, शिक्षण, हातानं केलेलं एक काम, आणि शिफ्टची तयारी आहे का. सराव मनात करून चालत नाही, मोठ्यानं बोलावं लागतं. घरात लाज वाटत असेल तर संध्याकाळी रंकाळा तलावावर जा, मोबाइल कानाला लाव आणि चालता चालता बोल. तिथं निम्मे लोक फोनवरच असतात, तुझ्याकडं कोण बघत नाही. मराठीतच सांग, इंग्रजीची ओढाताण करू नकोस.

मशिन शॉपमधला साहेब कधी कधी काहीच न विचारता ड्रॉवरमधून व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) काढून हातात देतो, सोबत एखादा बुश (नळीसारखा पोकळ पार्ट), आणि म्हणतो, “माप बघ.” ही तुझ्यासाठी सगळ्यात सोयीची मुलाखत. आधी जबडे पुसून, बंद करून शून्य जुळतो का ते बघ, मग माप घे. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01 मिमी. शून्य तपासणारा हात दिसला की माझ्यासारख्यांचं अर्धं काम होतं. उत्तर येत नसेल तर गप्प बसू नकोस, “हे मला येत नाही सर, शिकवलं तर करीन,” असं म्हण. गप्प बसलं की समोरच्याला वाटतं, याला प्रश्नच कळला नाही.

पगाराचं मुलंमुली विचारतच नाहीत आणि पहिल्या महिन्यात स्लिप बघून हिरमुसतात. एकच वाक्य विचार: “सर, पीएफ, ईएसआय कापून हातात किती येतील?” हिशेब असा असतो. पगार 15,000, त्यात बेसिक (मूळ पगार) 12,000 धरलं, तर बेसिकच्या 12 टक्क्यांनी पीएफ 1,440, पगाराच्या 0.75 टक्के ईएसआय (कामगार विमा) 113, आणि व्यवसाय कर 200. हातात 13,247. मुलींना 25,000 पर्यंतच्या पगाराला व्यवसाय कर नाही, म्हणजे त्यांना 200 रुपये जास्त मिळतात. हे विचारल्यानं कोणी नोकरी नाकारत नाही.

आणि नोकरी लावतो म्हणून कोणी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले तर द्यायचे नाहीत, मग तो कितीही गोड बोलो. लाजऱ्या मुलांना ‘नाही’ म्हणता येत नाही हे या लोकांना बरोबर कळतं. अशा वेळी फोन ठेवून दे, कारण सांगत बसू नकोस. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळव.

मुलाखतीनंतर चार-पाच दिवस काही कळलं नाही तर मेसेज कर: नाव, कुठल्या दिवशी येऊन गेलो किंवा गेले, कुठल्या जागेसाठी, आणि “काही निर्णय झाला का सर?” दोन मेसेजला उत्तर नाही आलं तर पुढची कंपनी. निवड झाली तर रुजू व्हायच्या आदल्या रात्री तीच फाइल, चार पासपोर्ट फोटो आणि डबा पिशवीत भरून ठेव. सेफ्टी शूजचा नंबर विचारतील, तो माहीत असू दे.