पेशी खरंच बोलल्या का? प्रयोगशाळेत हाड घडवताना या चुका टाळा

स्कॅफोल्डवर, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या सांगाड्यावर, दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवल्या, त्यांतल्या एका प्रकारात कॅल्सीन हा हिरवा चमकणारा रंग भरला आणि काही तासांनी शेजारणीही हिरव्या दिसल्या. झालं! ‘पेशींमधला संवाद सिद्ध’ हे वाक्य अहवालात जाऊन बसतं.

जरा थांबा. कॅल्सीन कॅल्शियमला चिकटतं. कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या पेशींमध्ये, खनिज साचू लागलं असेल, तर फुटलेल्या पेशींतून गळलेला रंग त्याच खनिजावर बसतो आणि तोही हिरवाच चमकतो. म्हणून ही चाचणी खनिज साचायच्या आधीच उरकावी. रंग भरलेल्या पेशींना डायआय या लाल रंगाची खूणही करा. तो पेशीच्या पटलात बसतो; कॅल्सीनसारखा गॅप जंक्शनमधून, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या छिद्रांमधून, जात नाही. शिवाय प्लेटच्या एका खळग्यात (वेलमध्ये) गॅप जंक्शन बंद करणारं कार्बेनोक्सोलोन घाला. तिथेही शेजारणी हिरव्या झाल्या, तर रंग दुसऱ्याच वाटेनं गेलाय. अर्थात हे औषध इतर वाहिन्यांनाही त्रास देतं, तेव्हा भिस्त फक्त त्याच्यावर नको. गॅप जंक्शन घडवणाऱ्या कनेक्सिन-43 या प्रथिनाचं जनुक दाबून पाहिलेलं जास्त बरं.

याच गॅप जंक्शनमधून व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन गेल्याचं कुणी लिहिलं, तर लाल पेन काढा. त्या छिद्रातून साधारण 1000 डाल्टनपर्यंतचेच रेणू जातात. व्हीईजीएफ त्याच्या कित्येक पट मोठं असतं. ते पेशीबाहेर सोडलं जातं आणि द्रवातून पसरत जातं.

इन्सर्टची, म्हणजे पेशींना वेगळं ठेवणाऱ्या पडद्याच्या कपाची, चूक याच्या उलट बाजूची. 0.4 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याच्या अल्याड-पल्याड पेशी ठेवल्या, फरक दिसला नाही, आणि निष्कर्ष काढला की संवादच नाही. अहो, स्पर्श तर तुम्हीच तोडलात! बोर्डोच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं होतं की नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींमुळे अस्थिपूर्व पेशी पक्व होतात, पण त्यासाठी दोघींमध्ये गॅप जंक्शन जुळावं लागतं. म्हणून इन्सर्ट आणि थेट को-कल्चर (पेशी एकमेकींना लागून), दोन्ही शेजारी शेजारी लावा.

सगळ्यात जास्त घोळ मात्र मीडियमचा, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवाचा. अस्तरपेशींच्या तयार मीडियममध्ये बरेचदा व्हीईजीएफ आधीच घातलेलं असतं. त्यातच एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी) करून ‘पेशींनी व्हीईजीएफ स्रवलं’ म्हणणं म्हणजे आपणच टाकलेलं मीठ मोजणं. पेशी न घातलेलं मीडियम, तेवढाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवून, कंट्रोल म्हणून मोजाच. एकेकट्या कल्चरनाही तेच मिश्र मीडियम द्या, नाहीतर मीडियममधल्या डेक्सामेथासोनचा (हाडाच्या पेशी पक्व करायला घालतात ते औषध) परिणाम शेजारणीच्या नावावर जमा होईल. स्कॅफोल्ड हायड्रॉक्सीॲपेटाइट या हाडातल्यासारख्या खनिजाचं असेल, तर आकडा उलट कमीही येऊ शकतो, कारण ते प्रथिनं धरून ठेवतं. प्रथिनं वेगळी करायच्या कॉलममध्येही हेच खनिज भरतात. खनिज साचलं का हे दाखवणाऱ्या अलिझरिन रेड या रंगालाही स्कॅफोल्ड असंच फसवतं: पेशी नसलेलं स्कॅफोल्डसुद्धा लालभडक होतं.

एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या, मोजत असाल, तर मीडियममध्ये घातलेल्या सीरमकडे बघा. गोवंशाच्या सीरममध्ये त्या जनावरांचेच एक्सोसोम मुबलक असतात. ते काढलेलं सीरम वापरा.

आणि पेशी निवडताना एक नेहमीची ठेच. एमएलओ-वाय4 ही उंदराची पेशीमालिका ऑस्टिओसाइटसारखी (हाडात रुतलेल्या पक्व पेशीसारखी) दिसते, तिच्यात कनेक्सिन-43 भरपूर असतं, पण स्क्लेरोस्टिन हे हाडाची वाढ रोखणारं प्रथिन अगदीच कमी. स्क्लेरोस्टिनचा निरोप कुठे पोचतो हे पाहायचं असेल, तर आयडीजी-एसडब्ल्यू3 ही पेशीमालिका घ्या आणि ती पक्व व्हायला काही आठवडे हाताशी ठेवा.