‘बॅड स्मेल’वर भागवू नका: नकोशा गोष्टींचं इंग्रजी बोलताना या चुका टाळा

मराठीत वासाला विशेषणांची चंगळ आहे. खवट, कुबट, आंबूस, करपट, वशट, कुजकट: शब्द ऐकताच नेमकं काय बिघडलंय ते नाकाला कळतं. इंग्रजीत बोलायची वेळ आली की मात्र या सगळ्यांची बोळवण ‘बॅड स्मेल’वर होते. इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ नाही. तिथले शब्द ठरावीक पदार्थांशीच संसार करतात, आणि जोडी चुकली की वाक्य व्याकरणात बसूनही कानाला खटकतं.

खवट म्हणजे ‘रॅन्सिड’. तेल, तूप, शेंगदाणे, सुकं खोबरं यांतला स्निग्धांश हवा लागून बिघडतो, त्यालाच हा शब्द. दूध ‘रॅन्सिड’ म्हणू नका. ते ‘सावर’ होतं, किंवा ब्रिटिश बोलीत ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. दूध फाटलं तर ‘कर्डल्ड’, पण त्यात बिघाडाचा अर्थ असेलच असं नाही. पनीरसाठी लिंबू पिळून मुद्दाम फाडलेलं दूधही ‘कर्डल्ड’च. अंडी आणि फळं ‘रॉटन’, बुरशी आलेला पाव ‘मोल्डी’. पावसाळ्यात बंद कपाटातल्या गोधडीला येतो तो कुबट वास ‘मस्टी’. कुजलेल्या मांसाला ‘प्यूट्रिड’ आहे (उच्चार ‘पुट्रिड’ नव्हे), पण तो शब्द फार जड. बाजारात मासळी नाकाला लावून ‘धिस फिश इज ऑफ’ एवढंच म्हणतात. वशट वासाला ‘फिशी’ चालेल. मात्र एखादा व्यवहार ‘फिशी’ म्हटला, की कुठेतरी पाणी मुरतंय असा अर्थ होतो.

शिळं म्हणजे ‘स्टेल’ नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. कडक झालेला पाव, सादळलेली बिस्किटं, कोंदट हवा, जुना झालेला विनोद हे सगळं ‘स्टेल’, म्हणजे ज्यातली मजा गेली ते. आपला रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन मोहरी-हिरव्या मिरचीत परतला की उलट जास्त चविष्ट लागतो. तो पाहुण्यापुढे ठेवून ‘मेड फ्रॉम स्टेल राइस’ म्हणालात, तर ताट मागे सरकलंच म्हणून समजा. तिथे ‘लेफ्टओव्हर राइस’ म्हणायचं. ‘लेफ्टओव्हर’ म्हणजे उष्टं, असं वाटून अनेक जण हा शब्द टाळतात. तो उष्टं नाही, उरलेलं आहे. उष्ट्याला इंग्रजीत सुटा रोजचा शब्दच नाही. ‘समवन हॅज ऑलरेडी ईटन फ्रॉम इट’ असं अख्खं वाक्य खर्चावं लागतं.

‘स्मेल इज कमिंग’

मराठीत वास ‘येतो’, म्हणून तो इंग्रजीतही चालत येतो. इंग्रजीत मात्र क्रियापद वस्तूकडे जातं: ‘समथिंग स्मेल्स’, ‘द मिल्क स्मेल्स फनी’. ‘द मिल्क इज स्मेलिंग’ नको. ते ‘-इंग’चं रूप हुंगण्यासाठी ठेवा: ‘शी इज स्मेलिंग द मिल्क’. ‘स्मेल्स बॅड’ बरोबर. ‘ही स्मेल्स बॅडली’चा काटेकोर अर्थ त्याचं नाक नीट चालत नाही.

नाम म्हणून ‘स्मेल’ निरुपद्रवी आहे. क्रियापद म्हणून एकटं आलं की ते नाक मुरडतं. कौतुक करायला जाऊन नुसतं ‘यू स्मेल’ म्हणालात तर माणूस आंघोळ करून येईल. ‘यू स्मेल नाइस’ पूर्ण करा.

विशेषण आठवत नसेल तर वासाचं मूळ सांगा: ‘द किचन स्मेल्स ऑफ बर्न्ट मिल्क’. फार झालं असेल तर ‘द लिफ्ट रीक्स ऑफ सिगारेट्स’. घरमालकाला किंवा सोसायटीला तक्रार लिहिताना तर हाच मार्ग धरा. ‘व्हेरी डर्टी स्मेल’ वाचून कोणी प्लंबर पाठवत नाही. ‘देअर इज अ स्ट्राँग स्मेल ऑफ सूइज (सांडपाणी) इन द बाथरूम’ वाचून काय तपासायचं ते कळतं. कागदोपत्री ‘ओडर’ शोभतो, ‘स्टिंक’ बोलण्यात, आणि ‘स्टेंच’ दुर्गंधी असह्य झाल्यावरच.

‘डर्टी’चंही तेच. गॅसमागची तेलकट फरशी ‘ग्रीझी’, काजळी धरलेला पंखा ‘ग्राइमी’, मळकी कॉलर ‘ग्रबी’.

किळस कोणाला, कोणाची?

किळस आली असेल तर ‘आय ॲम डिसगस्टेड’. ‘आय ॲम डिसगस्टिंग’ म्हणजे मीच किळसवाणा. या शब्दाला ‘व्हेरी’ही फारसं मानवत नाही, कारण तो मुळातच टोकाचा आहे, ‘ॲब्सोल्यूटली डिसगस्टिंग’ म्हणा. डॉक्टरांपुढे ‘थ्री व्हॉमिटिंग्ज’ मोजू नका: ‘आय हॅव व्हॉमिटेड थ्री टाइम्स’. ब्रिटनमध्ये ‘आय वॉज सिक’ म्हणजे बहुधा उलटी झाली. अमेरिकेत तेच वाक्य आजारी होतो एवढंच सांगतं, त्यामुळे ‘व्हॉमिटेड’ दोन्हीकडे सुरक्षित.

दिसतं तसं नसतं

‘नॉइसम’चा गोंगाटाशी काही संबंध नाही; तो ‘अनॉय’च्या गोत्रातला असून अर्थ आहे दुर्गंधीयुक्त, उबग आणणारा. ‘फुलसम प्रेझ’ म्हणजे पुष्कळांच्या कानाला भरभरून स्तुती नव्हे, तर तोंडपुजेपणा, म्हणून आभाराच्या भाषणात तो नकोच. ‘टेरिबल’ वाईट, पण ‘टेरिफिक’ झकास. अळणी आमटीला ‘टेस्टलेस’ म्हणण्यापेक्षा ‘इट नीड्स सॉल्ट’ बरं, कारण ‘टेस्टलेस’ अभिरुचीलाही लागतो आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही.

विवाहाच्या जाहिरातीतलं ‘होमली’ हे यातलं सर्वांत जुनं दुखणं. लिहिणाऱ्याच्या मनात असते घर सांभाळणारी, साधी मुलगी. लंडनमध्ये ‘होमली’ एखादं उबदार, आपलंसं वाटणारं घर असतं. अमेरिकेतलं स्थळ पाहत असाल तर मात्र हा शब्द आधी खोडा; तिथे ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची.