१० गिगाबिटचं आय-स्कझी नेटवर्क २५ वर नेताना: बंद न ठेवता, टप्प्याटप्प्याने

आय-स्कझी म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला डिस्क देण्याची पद्धत. सर्व्हरपासून अ‍ॅरेपर्यंत (सामायिक डिस्कचं यंत्र) जाणारे ए आणि बी हे दोन स्वतंत्र मार्ग धड असतील, तरच हे काम दिवसाढवळ्या करता येतं. म्हणून आधी प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथची (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक मार्गांची) स्थिती पाहा. एकाही लनचा (अ‍ॅरेने दिलेल्या डिस्कचा) एखादा मार्ग पडलेला दिसला, तर तो दुरुस्त होईपर्यंत स्विचला हात लावू नका.

खरेदीआधी केबल मोजा. ओएम३ दर्जाच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटर जातं, २५ गिगाबिट फक्त ७०. ओएम४ वर ४०० ऐवजी १००. पॅच पॅनेलमधली लांबीही यात धरायची. एसएफपी२८ (२५ गिगाबिटच्या) पोर्टमध्ये जुनं एसएफपी-प्लस (१० गिगाबिटचं) मॉड्यूल सहसा चालतं, पण साधं २५ चं मॉड्यूल १० वर उतरत नाही. मधल्या काळासाठी ड्युअल-रेट (दोन्ही वेगांचं) घ्या. सर्व्हरमधल्या दोन पोर्टच्या २५ च्या नेटवर्क कार्डाला पीसीआयई ३.० चे आठ लेन (स्लॉटमधल्या डेटाच्या वाटा) हवेत. लांब दिसणाऱ्या स्लॉटमध्ये कधी कधी चारच जोडलेले असतात, आणि तिथे दोन्ही पोर्ट मिळून जेमतेम ३१ गिगाबिट निघतात.

आधी बी बाजूचा स्विच बदला. सर्व्हर जुन्याच १० च्या वेगाने जोडा. अनेक स्विचवर चार-चार पोर्टांच्या गटाला एकच वेग लावावा लागतो, त्यामुळे १० वाले सर्व्हर सलग बसवा. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९२१६ आधीच लावून ठेवा. मग सर्व्हरवरून, पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून, ८९७२ बाइटचा पिंग अ‍ॅरेपर्यंत जातो का ते पाहा. साधा पिंग जातो आणि हा अडकतो, म्हणजे वाटेत कुठेतरी एमटीयू १५०० राहिलाय. बीचे सगळे मार्ग परत आले आणि दोन-तीन दिवस एररचे आकडे हलले नाहीत, की मगच ए.

मग एकेक सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये (त्यावरचं काम दुसरीकडे हलवून) टाकून कार्ड बदला. नव्या कार्डाने इंटरफेसचं नाव बदलू शकतं आणि आयपी जुन्या नावाला चिकटलेला राहतो. आय-स्कझी कार्डातच चालत असेल तर आयक्यूएनही (आय-स्कझीमधली सर्व्हरची ओळख) बदलतो. तो अ‍ॅरेवर आधी नोंदवा.

सर्वांत जास्त वेळ एफईसीमध्ये (लिंकवरच्या चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) जातो. लिंक लागत नाही म्हणून केबल बदलत बसतात, आणि खरं कारण असतं एका टोकाला आरएस-एफईसी, दुसऱ्याला बेस-आर (एफईसीचाच दुसरा प्रकार) किंवा काहीच नाही. ऑटोवर विसंबू नका. एसआर (मल्टिमोड फायबरच्या) मॉड्यूलला आरएस-एफईसी लागतंच. रॅकमधली डॅक (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली तांब्याची) केबल ३ मीटरच्या आत ठेवा आणि दोन्ही टोकांना एकच एफईसी पर्याय हाताने लावा.

अ‍ॅरे शेवटी. तो आधी २५ वर नेला तर वाचनाचा लोंढा १० च्या सर्व्हर पोर्टवर येऊन स्विचचे बफर भरतात, पॅकेट गळतात आणि लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) चढते. एका कंट्रोलरचे पोर्ट २५ वर आणि दुसऱ्याचे १० वर असतील, तेवढे दिवस लिनक्सच्या मल्टिपाथमध्ये राउंड-रॉबिन (मार्गांना आळीपाळीने काम देणारी पद्धत) काढून सर्व्हिस-टाइम (लवकर काम उरकेल त्या मार्गाला देणारी) लावा. नाहीतर संथ मार्गालाही तेवढंच काम जातं. कुठला सर्व्हर १० वरच ठेवावा लागला, तर त्याच्या स्विच पोर्टवरचे आउटपुट डिस्कार्ड (बाहेर जाताना टाकून दिलेली पॅकेट) रोज पाहा.