विदर्भाच्या उन्हात जुनी मारुती ८०० कशी सांभाळावी

माझी मारुती ८०० आहे २००४ची. दारव्ह्याहून यवतमाळला आजही बिनघोर जाते. आपल्याकडे जुन्या गाडीचा जीव घेते ती गरमी, म्हणून पहिला पैसा कूलिंगवर लावा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू नका. ते जड असतं, क्षार बारीक नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्म भरा, दोन वर्षांनी बदला. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच नवीन घ्या. दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळते. पण इंजिन थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, वाफेनं तोंड भाजते. मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्याच्या वर चढू लागला की पंखा आपोआप फिरला पाहिजे. नाही फिरला, तर मे महिन्यात गावाबाहेर काढूच नका.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा, कधी बदलला ते डायरीत लिहा. गाडी कमी चालली तरी रबर वयानं तडकतेच.

घरात कापूस भरला की उंदीर आलेच, आणि ते वायरी कुरतडतात. त्या दिवसांत रोज सकाळी बोनेट उघडून पाहा. एअर फिल्टर कच्च्या रस्त्याच्या धुळीनं लवकर भरते, ते झटकत राहा.

पंधरा वर्षांनंतर आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. मुदतीआधीच अर्ज करा, फिटनेससाठी गाडी न्यावी लागते.