हिरा कसा निवडावा: वजनाआधी कट बघा

हिरा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: 'एक कॅरेटचा केवढ्याला पडेल?' मग पुढचं सगळं बोलणं वजनाभोवतीच फिरत राहतं. हिरा बोटावर लखलखतो तो मात्र वजनामुळे नव्हे. त्याला पैलू कसे पाडलेत, त्यांचे कोन किती नेमके साधलेत, यावर ती चमक ठरते. म्हणून या लेखात वजन मुद्दाम उशिरा आलं आहे. खरेदी करतानाही तुम्ही तोच क्रम ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

१. खाणीतला की लॅबमधला, हे घरीच ठरवा

दोन्ही खरे हिरेच आहेत. दोन्ही कार्बनचे स्फटिक आहेत आणि कठीणपणा व चमकही सारखीच असते. लॅबमधला हिरा दोन पद्धतींनी वाढवतात. एचपीएचटी पद्धतीत प्रचंड दाब आणि तापमान वापरतात, तर सीव्हीडी पद्धतीत मिथेनसारख्या वायूतून कार्बनचे थर एकावर एक चढवतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही आणि दुकानातल्या उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टरलाही तो कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली खास उपकरणंच लागतात.

फरक आहे तो किमतीत. लॅबमधला हिरा खूपच स्वस्त मिळतो आणि गेल्या काही वर्षांत त्याचे भाव घसरतच गेलेत. त्यामुळे तो विकायला गेलात तर हाती फारसं काही पडत नाही. खाणीतल्या हिऱ्यालाही दुकानात मोजलेली पूर्ण किंमत सहसा परत मिळत नाही, हेही लक्षात घ्या. मोठा, देखणा खडा हवा असेल आणि पुढे विकायचा विचार नसेल, तर लॅबमधला घ्यायला काहीच हरकत नाही. पण गुंतवणूक म्हणून दोन्हींपैकी एकही घेऊ नका.

मॉयसनाइट आणि क्यूबिक झिर्कोनिया हे मात्र हिरे नव्हेत, ते वेगळेच पदार्थ आहेत. मॉयसनाइट तर उष्णतेच्या टेस्टरवर हिरा म्हणून सहज खपून जातं. म्हणजे टेस्टरचा दिवा लागला, एवढ्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही.

२. प्रमाणपत्राशिवाय बोलणी सुरू करू नका

प्रमाणपत्र स्वतंत्र प्रयोगशाळेचं हवं, विकणाऱ्या दुकानाचं नव्हे. जीआयए ही रत्नं तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था १९३१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आज जगभर वापरली जाणारी रंग आणि स्वच्छतेची (म्हणजे आत डाग-चिरा किती कमी, याची) प्रतवारी तिनेच रुळवली. आयजीआय ही १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झालेली संस्था, लॅबमधल्या हिऱ्यांवर तिची प्रमाणपत्रं बरीच दिसतात.

सगळ्या प्रयोगशाळा सारख्याच काटेकोर नसतात. तोच खडा एका ठिकाणी एक श्रेणी मिळवेल आणि दुसरीकडे त्याहून वरची. म्हणून दोन हिऱ्यांच्या किमतींची तुलना करताना दोन्ही प्रमाणपत्रं एकाच प्रयोगशाळेची आहेत ना, हे आधी बघा. नाहीतर स्वस्त वाटणारा हिरा प्रत्यक्षात फक्त सैल हाताने मोजलेला असतो.

प्रमाणपत्रावरचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. शेवटी दिलेल्या शेऱ्यांची जागाही वाचा. रंग सुधारण्यासाठी काही प्रक्रिया केली आहे का, लेझरने बारीक भोक पाडून आतला डाग काढला आहे का, हे तिथे कळतं. चिरा काचेसारख्या पदार्थाने भरलेला हिरा तर घेऊच नका. दागिना दुरुस्त करताना ज्योतीची आच लागली की तो भराव खराब होतो. अशा हिऱ्यांची प्रतवारी जीआयए करतच नाही.

३. कट: इथे सर्वात जास्त वेळ द्या

कट म्हणजे गोल, चौकोनी हा आकार नव्हे. कट म्हणजे घडणीचा दर्जा. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात आणि तळाच्या टोकावर एक बारीक पैलू पाडला तर ५८. वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच यायला हवा, हा सगळा खेळ. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं माप, सुमारे २.४२, म्हणजे खूपच जास्त असल्याने कोन नेमके असतील तर उजेड आतून पूर्ण परावर्तित होतो. कोन चुकले की तो तळातून निसटतो आणि खडा मंद दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये हे गणिताने मांडलं. आजच्या गोल हिऱ्याच्या घडणीमागे तोच पाया आहे.

मग सगळेच हिरे नीट का घडवत नाहीत? कारण कच्चा दगड. गोल हिरा घडवताना कच्च्या मालाचं निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त वजन झडून जातं. कारागिराने कोन थोडे सोडले, पोट (खालचा निमुळता भाग) जरा खोल ठेवलं, कडा (भोवतालची धार) जाड ठेवली, तर तोच दगड ०.९३ ऐवजी १.०० कॅरेटचा होऊन बाहेर पडतो. किंमत वाढते आणि चमक जाते. जाड कडेत आणि खोल पोटात लपलेलं ते वजन वरून दिसतही नाही, पण पैसे त्याचेही मोजावे लागतात.

गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर कटची श्रेणी असते. तिथे 'एक्सलंट'च्या खाली उतरू नका. पॉलिश आणि सिमेट्रीही एक्सलंट किंवा निदान व्हेरी गुड असावी. त्याच्याही आत जायचं असेल तर हे आकडे जवळ ठेवा: वरचा सपाट भाग, म्हणजे टेबल, व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५ अंश आणि खालच्या भागाचा ४०.६ ते ४१ अंश. या चौकटीबाहेरचा हिरा वाईटच असतो असं नाही, पण आतला सहसा निराश करत नाही.

आता प्रत्यक्ष खड्याकडे बघा. पोट फार खोल असेल तर टेबलाच्या मधोमध काळपट गोल दिसतो, खिळ्याच्या डोक्यासारखा. पोट फार उथळ असेल तर टेबलाच्या आत कडेचं प्रतिबिंब पडून करडी कडी दिसते. यातलं काहीही दिसलं तर दुकानदार कितीही सवलत देवो, तो खडा बाजूला ठेवा.

लांबट आकारांसाठी प्रमाणपत्राची मदत कमी होते, त्यामुळे डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. ओव्हल (अंडाकृती), पेअर (थेंबासारखा) आणि मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता) यांच्या मध्यावर बो-टायसारखी काळी सावली पडते. ती हलकी असेल तर चालते, पण खडा हलवला तरी जात नसेल तर नको. पेअर आणि मार्कीजची टोकं, तसंच चौकोनी प्रिन्सेस आकाराचे कोपरे टवका उडण्याच्या बेतात असतात. ते कोंदणात झाकलेले हवेत.

४. रंग आणि स्वच्छता: पैसे इथे वाचवा

रंगाची प्रतवारी डी पासून झेडपर्यंत जाते. डी, ई, एफ हे रंगहीन. 'जी' ते 'जे' जवळपास रंगहीन, आणि त्यापुढे पिवळसर झाक हळूहळू वाढत जाते. ही प्रतवारी हिरा उलटा ठेवून, प्रमाण खड्यांशेजारी ताडून करतात. दागिन्यात बसवलेला आणि नीट कट केलेला 'जी' किंवा 'एच' वरून बघितला तर 'डी'पेक्षा वेगळा ओळखणं बहुतेकांना जमत नाही. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यासाठी जी-एच, आणि पिवळ्या सोन्यात आय-जे सुद्धा छान दिसतो, कारण धातूची झाकच खड्यात उतरते.

स्वच्छतेच्या अकरा श्रेणी आहेत. एफएल (निर्दोष) आणि आयएफ (आतून निर्दोष) सर्वात वर, मग व्हीव्हीएस (अतिशय बारीक दोष), व्हीएस (खूप बारीक दोष) आणि एसआय (बारीक दोष) यांच्या दोन-दोन, शेवटी आय (ठळक दोष) च्या तीन. ही तपासणी दहापट भिंगाखाली होते. व्हीव्हीएस१ आणि व्हीएस२ यांतला फरक तुमच्या पाहुण्यांना कधीच दिसणार नाही. व्हीएस२ पुरे, आणि नीट बघून घेतलेला एसआय१ सुद्धा. मात्र दोष कुठे आहे ते बघा. टेबलाखाली मधोमध काळा कण असेल तर तो डोळ्यांत भरतो. कडेपाशी पोहोचलेली चीर त्याहून वाईट, कारण धक्का बसला की तिथेच टवका उडू शकतो. एमराल्ड कट या आयताकृती आकाराचे पैलू लांब आणि सपाट असतात, त्यामुळे आतलं सगळं उघडं पडतं. तिथे एक श्रेणी वर जा.

फ्लुओरेसन्सचं उगाच भय बाळगू नका. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारे हिरे बरेच असतात. फेंट किंवा मीडियम असेल तर सहसा काही बिघडत नाही. स्ट्राँग असेल तर उन्हात नेऊन खडा दुधाळ दिसतो का, तेवढं तपासा.

५. आता वजन

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. उत्तम कटचा एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि ०.९० चा सुमारे ६.२. हातावर हा फरक कळत नाही. पण प्रति कॅरेट भाव ०.५०, १.००, १.५० अशा टप्प्यांवर उडी मारतो. म्हणून टप्प्याच्या जरा खालचा, ०.९२ किंवा ०.९५ चा हिरा शोधा. आणि कॅरेटइतकंच मिलिमीटरकडे लक्ष द्या. एक कॅरेटचा खडा ६.१ मिलिमीटरचा भरला, तर वजन खोलीत दडलं आहे.

दागिन्यात अनेक खडे असतील तर सांगितलेलं वजन एका खड्याचं की सगळ्यांचं मिळून, हे स्पष्ट विचारा. छोट्या छोट्या खड्यांचा एक कॅरेट आणि एकसंध एक कॅरेट यांच्या किमतीत खूप अंतर असतं.

६. खडा सुटा आणि साध्या उजेडात बघा

दुकानातल्या छोट्या प्रखर दिव्यांखाली सुमार खडाही झगमगतो. खिडकीपाशी, उन्हाची तिरीप टाळून, सावलीच्या उजेडात बघायला मागा. चांगला हिरा तिथेही जिवंत दिसतो, किंचित हलवला की काळा-पांढरा नक्षीदार खेळ चालू राहतो. मग पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवून बाजूने रंग बघा.

दहापट भिंग जवळजवळ डोळ्याला टेकवा, दुसऱ्या हातात चिमट्यात धरलेला खडा भिंगापासून साधारण अडीच सेंटीमीटरवर आणा आणि दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर ठेवा. सुरुवातीला धूसर दिसेल, खडा किंचित मागेपुढे करा. कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक सापडेल. तो प्रमाणपत्राशी जुळवा, पण तिथेच थांबू नका. लॅबमधल्या हिऱ्यावर नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक कोरल्याचे प्रकार उघडकीस आलेत. वजन, मिलिमीटरमधली मापं आणि प्रमाणपत्रावरच्या नकाशात दाखवलेले आतले दोष, हे तिन्ही जुळायला हवेत.

७. कोंदण आणि बिल

चार नख्यांत खडा जास्त उघडा दिसतो, सहांत जास्त सुरक्षित असतो. रोज वापरायची अंगठी असेल तर सहा घ्या, किंवा चौफेर कडा असलेलं बंद कोंदण. हिरा सर्वात कठीण असला तरी विशिष्ट दिशेने टोला बसला तर तो फुटतो.

बिलावर नैसर्गिक की लॅबमधला, वजन, रंग, स्वच्छता, कट आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्या. परतीची मुदत आणि बदलून देण्याच्या अटीही लेखी हव्यात, तोंडी आश्वासन नको. सुटा हिरा दुकानातच जडवायला देत असाल, तर दागिना हाती येताच भिंगाने क्रमांक पुन्हा वाचा. मोठी रक्कम असेल तर परतीच्या मुदतीतच दुसऱ्या, दुकानाशी संबंध नसलेल्या रत्नतज्ज्ञाकडून खडा तपासून घ्या. काही जुळलं नाही, तर मूळ बिल आणि प्रमाणपत्रासह मुदत संपण्याआधी परत करा.